बेलमनच्या रानातली चौपानी

एनिड प्रॉसरनं एकतीस वर्षं टपाल वाटलं. टपालखात्याची लाल गाडी मिळाली तरी बेलमनच्या रानातली पायवाट तिनं सोडली नाही, कारण रानापलीकडच्या तीन घरांना गाडीनं जायचं म्हणजे सहा मैलांचा वळसा. त्या चालण्यातच तिला झाडपाल्याचा नाद लागला. निवृत्त झाल्यावर ती परगण्याच्या रानवनस्पतींच्या नोंदी ठेवू लागली. पगार नव्हता, पण तिच्या शब्दाला वजन होतं. कुणी म्हणालं की अमुक फूल अमुक ओढ्याकाठी आहे, तर दुसरा लगेच विचारायचा, "एनिडनं बघितलंय का?" आणि तिनं बघितलं नसेल तर विषय तिथंच संपायचा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी अ‍ॅव्हरिल हॅकेटचा फोन आला.

"एनिड, बसली आहेस ना?"

"बसलेय. बोल."

"बेलमनच्या रानात चौपानी सापडली."

एनिडनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

पुस्तकात या वनस्पतीला हर्ब पॅरिस म्हणतात, पण गावातली जुनी माणसं चौपानीच म्हणायची. वीतभर उंच एकच देठ, त्यावर चार दिशांना चार पानं, मधोमध हिरवट फूल, पुढं त्याच जागी एकच काळं फळ. दिसायला काही फार देखणी नाही. पण ती फार सावकाश पसरते. ब्लूबेल बागेतून निसटून कुठंही जाते, प्रिमरोझ रेल्वेच्या कडेलासुद्धा फुलते. चौपानी मात्र जिथं असेल तिथली जमीन शेकडो वर्षं रानच असली पाहिजे, असं जाणकार मानतात.

आणि त्या वर्षी बेलमनचं रान किती जुनं, हाच तर वाद होता. टेकडीपलीकडची दगडखाण वाढत वाढत रानाच्या बांधापर्यंत आली होती. खाणवाल्यांचं म्हणणं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशात इथं कुरण दाखवलंय, म्हणजे ही झाडी नंतरची. ती तोडू आणि बदल्यात दुसरीकडं दुप्पट लावून देऊ. जूनमध्ये सरकारी निरीक्षक येऊन सुनावणी घेणार होते. रान जुनं ठरलं तर त्याला हात लावणं अवघड. एनिडच्या यादीत जुन्या रानाची ओळख सांगणाऱ्या अकरा वनस्पती होत्या: पांढरी अ‍ॅनिमोनी, रानलसूण, मर्क्युरी नावाचं ठेंगणं रोप आणि अशाच आणखी. खाणवाल्यांच्या तज्ज्ञानं लिहून दिलं होतं की त्या सगळ्या शेजारच्या कुंपणातून सरकत आत आल्या असणार. चौपानीबद्दल तसं म्हणणं त्याला जड गेलं असतं.

तेव्हा एनिडला आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी खटकलं.

"कुठं सापडली?" तिनं विचारलं.

"वाटेच्या अगदी जवळ. जुन्या हेझलच्या बुंध्याशी."

त्या हेझलला टेकून एनिडनं हजार वेळा तरी बुटांचे बंद बांधले होते.

अ‍ॅव्हरिल दोन वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमहून आली. तिकडं चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेलं, नवरा वारला तसं दुकान विकून इथं नदीकाठी छोटं घर घेतलं. पहिल्याच महिन्यात एनिडच्या दारात येऊन म्हणाली होती, "मला गवत आणि कोथिंबीर यापलीकडं काही ओळखता येत नाही. शिकवशील?" एनिडला ती आवडली. दोघी आठवड्यातून दोनदा रान पालथं घालायच्या. अ‍ॅव्हरिलची नजर तीक्ष्ण होती, वही स्वच्छ होती, आणि प्रश्न विचारायची तिला लाज नव्हती.

त्यातलाच एक प्रश्न आता एनिडला आठवला. जानेवारीत, एनिडच्याच स्वयंपाकघरात, अ‍ॅव्हरिलनं विचारलं होतं, "समज एकच वनस्पती सापडली आणि रान जुनं असल्याचं कुणालाच नाकारता येणार नाही, अशी कुठली?" आणि एनिडनं चहा ओतता ओतता उत्तर दिलं होतं, "चौपानी. पण ती इथं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी रानात गेल्या. ब्लूबेल ओसरायला लागल्या होत्या आणि मर्क्युरीचा हिरवा गालिचा गुडघ्याखाली दाट पसरला होता. अ‍ॅव्हरिल लगबगीनं पुढं चालत होती. हेझलशी थांबून तिनं वाकून दाखवलं.

होती खरी. तीन देठ. दोघांना चार चार पानं, तिसऱ्याला पाच. एनिड गुडघ्यांवर बसली, भिंग काढलं, फूल बघितलं, पानांच्या शिरा बघितल्या. ओळखण्यात चूक नव्हती. मग तिची नजर खाली मातीकडं गेली. देठांभोवतीची माती सैल होती. वरचा पालापाचोळा बाजूला सरकलेला होता, आणि मातीत पांढरे, हलके, साबुदाण्याएवढे कण दिसत होते. बाजारात कुंड्यांसाठी जी माती मिळते तिच्यात असतात ते.

एनिडनं त्यातला एक कण चिमटीत धरून चिरडला आणि बोट पँटला पुसलं.

"काय गं?" अ‍ॅव्हरिल म्हणाली. "गप्प का?"

"मोजतेय."

"तीनच तर आहेत." ती हसली. मग थोडं संकोचून म्हणाली, "शोधणारी म्हणून माझं नाव लिहितात का? म्हणजे तशी पद्धत असेल तर."

"असते," एनिड म्हणाली.

घरी येऊन तिनं नोंदीचा कागद पुढं ओढला. जागा लिहिली, तारीख लिहिली. ‘शोधणाऱ्याचे नाव’ या रकान्याशी आल्यावर पेन ठेवलं आणि उठून भांडी घासायला लागली, जी आधीच घासलेली होती.

संशय एकदा घरात शिरला की प्रत्येक खुर्चीवर बसून बघतो. अ‍ॅव्हरिलचं घर नदीकाठी, म्हणजे खाण वाढली तर सगळ्यात जास्त धूळ तिच्याच खिडकीत. रान वाचवायला गावानं केलेल्या समितीच्या बैठकीत सगळ्यात मोठ्या आवाजात तीच बोलायची. आणि शहरातून आलेल्या माणसाला काय, दुकानातून वस्तू आणायची आणि हव्या त्या जागी ठेवायची सवय. हा शेवटचा विचार आपल्याला शोभत नाही, हे एनिडला कळत होतं. तरी तो गेला नाही.

शुक्रवारी ती सहज म्हणून अ‍ॅव्हरिलकडं गेली. अ‍ॅव्हरिलनं शहाजिऱ्याचा केक केला होता.

"हात धुऊन येते," एनिड म्हणाली आणि मागच्या नळावर गेली. घराच्या उत्तर बाजूला सावलीत फर्नची रांग होती. तिच्या टोकाला रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या. सगळ्यात वरच्या कुंडीत पांढरी पट्टी खोचलेली होती. एनिडनं वाकून वाचलं. छापील अक्षरांत लिहिलं होतं, पॅरिस. खाली लॅटिन नावाचा उरलेला भाग आणि पोस्टानं रोपं पाठवणाऱ्या कुठल्याशा रोपवाटिकेचं चिन्ह. कुंडी रिकामी होती. तळाशी थोडी माती, आणि मातीत तेच पांढरे कण.

ती परत आली, केकचा तुकडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाली.

"आज तुझं लक्ष नाही," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

"गुडघा दुखतोय."

"मग कशाला चालत आलीस? फोन करायचास, मी आले असते."

एवढी माया बघून एनिडला आणखीच अवघडल्यासारखं झालं. तिथंच विचारलं असतं तर गोष्ट पाच मिनिटांत मिटली असती. पण विचारलं आणि अ‍ॅव्हरिल खोटं बोलली तर? किंवा खरं बोलली तर? दोन्हीची तिला भीती वाटत होती.

तिथून ती थेट रोलंड ग्विलियमकडं गेली. रोलंड समितीचा अध्यक्ष, सफरचंदाच्या बागेचा मालक, आणि एनिडबरोबर एकाच बाकावर शाळा शिकलेला. तो गोदामात सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, पिंपं धूत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकता ऐकता पिंप घासणं थांबवलं नाही.

"म्हणजे ती तिथं आहे," सगळं ऐकून तो म्हणाला.

"आहे."

"जिवंत आहे, हिरवी आहे, चार पानं आहेत."

"रोलंड, प्रश्न तो नाहीये."

"निरीक्षक तोच प्रश्न विचारणार. कशी आली ते तुला विचारणार नाही, आणि चौपानीला विचारलं तरी ती सांगणार नाही." त्यानं बादली उपडी केली. "हे बघ एनिड, तू फक्त जे दिसलं ते लिही. एवढंच तर करतेस ना गेली इतकी वर्षं?"

"लावलेली असेल तर ती नोंद खोटी."

"आणि रान गेलं तर ते खरंच गेलं."

"तुला आधीपासून माहीत होतं का?"

"घ्या. आता माझ्यावर आलीस." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "उद्या आरशात बघून स्वतःलाही विचारशील, कुठं होतीस म्हणून."

हे कुणाला सांगू नकोस, असं त्याला बजावून ती निघाली. रोलंडनं बायकोला सांगितलं. बायकोनं टपालाच्या दुकानात फक्त एकीला. सोमवारी सकाळी अ‍ॅव्हरिल एनिडच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मी ती रोपं लावली, असं तुम्ही म्हणालात?"

एनिडनं दार पूर्ण उघडलं. "मी म्हणाले की मला शंका आहे."

"मला न विचारता."

"मातीत कुंडीचे कण आहेत, अ‍ॅव्हरिल. तुझ्या मागच्या अंगणात तिच्याच नावाची कुंडी आहे. रिकामी. आणि जानेवारीत तूच मला विचारलंस."

"अंगणात बघितलंत होय? गुडघा दुखत असताना." अ‍ॅव्हरिलचा आवाज चढला नाही. "हो, विचारलं. तुम्ही नाव सांगितलंत, मी ती कधी बघितली नव्हती. चित्रावरून मला काही कळत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून एक रोप मागवलं आणि मागच्या दाराशी ठेवलं. रोज बघायची. वरून, खालून, फूल येण्याआधी, आल्यावर. म्हणून तर रानात दिसल्यावर ओळखू आली. एप्रिलच्या शेवटी गोगलगाईंनी माझं रोप बुडापर्यंत खाल्लं."

"आणि माती?"

"बॅजरनं तिथं बिळासाठी उकरलं होतं. मुळ्या उघड्या पडल्या होत्या. वाळतील म्हणून घरून दोन मुठी माती नेऊन टाकली. चूक झाली असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं, टाकू नये म्हणून."

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आणि खरं सांगायचं तर एनिडला त्याचाच संशय आला. इतकी नीट उत्तरं, जशी रात्रभर बसून जुळवलेली.

ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. अ‍ॅव्हरिलनं मान हलवली, "बरं," म्हणाली, आणि फाटक लावून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबल्यावर एनिड एकटीच रानात गेली. बरोबर एक जुना चमचा, रंगकामाचा मऊ ब्रश आणि कॅमेरा. चौपानीची मुळी जमिनीत आडवी सरकते, दरवर्षी थोडी, आणि प्रत्येक वर्षाच्या वाढीची खूण तिच्यावर राहते. कुंडीतून आणून लावलेलं रोप असेल तर मुळी आखूड, एका जागी गोळा झालेली असणार. एनिडनं बाजारची माती ब्रशनं अलगद बाजूला केली. वरचा थर दोन बोटांचा. त्याखाली रानाची काळी, ओली माती, कुणी कधी न हलवलेली.

मुळी सापडली. दाभणाएवढी जाड, पिवळसर. एनिड तिच्या मागं मागं गेली, चमच्याच्या टोकानं, एकेक इंच. एक खूण, दुसरी, तिसरी. सातवीनंतर मुळी वळली. अकराव्या खुणेनंतर ती हेझलच्या मुळाखाली गेली, आणि ते मूळ एनिडच्या मनगटाएवढं होतं, जिवंत, जमिनीत घट्ट रुतलेलं. कुणी कितीही हुशार असला तरी त्या मुळाखालून ही नाजूक मुळी ओवू शकला नसता.

तिनं चमचा बाजूला ठेवला. मग कोपरावर कलंडून तिनं मर्क्युरीच्या पानांखालून, जमिनीलगत बघितलं. टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन उभ्यानं चालताना इथं नुसता हिरवा गालिचा दिसतो. खालून बघितलं तर त्या देठांच्या गर्दीत, मर्क्युरीच्याच उंचीचे, चार चार पानं पसरलेले दुसरे देठ होते. सहा. त्यांच्यापलीकडं आणखी. ओढ्यापर्यंत रांगत जाऊन तिनं त्रेचाळीस मोजले. एकतीस वर्षं ती यांच्या शेजारून गेली होती, आणि नंतरची सहा वर्षं तर हातात भिंग घेऊन.

तिनं मुळीचे फोटो काढले, माती जशी होती तशी परत लोटली, आणि तशाच चिखलानं भरलेल्या कपड्यांत अ‍ॅव्हरिलच्या घरी गेली.

अ‍ॅव्हरिल खिडकी पुसत होती. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं नाही.

"मी चुकले," एनिड म्हणाली. "मुळी हेझलच्या खाली गेलीय. अकरा वर्षं तरी मोजता येतात, पुढची मुळाखाली आहेत. आणि ओढ्यापर्यंत त्रेचाळीस देठ आहेत."

"त्रेचाळीस?" एका क्षणासाठी अ‍ॅव्हरिलचा चेहरा उजळला. मग परत मिटला. "मी सांगितलं ते पटलं नाही. मुळीनं सांगितलं ते पटलं."

एनिडनं बुटाचा चिखल पायरीच्या कडेला खरवडला. "नोंदीवर तुझं नाव लिहिलंय," ती म्हणाली.

"लिहा. मीच शोधलीय."

जूनमधली सुनावणी गावच्या सभागृहात झाली. निरीक्षक एक सडपातळ, सर्दी झालेले गृहस्थ होते. खाणवाल्यांचा तज्ज्ञ तरुण आणि अतिशय सभ्य. त्यानं चौपानीची नोंद वाचली आणि शांतपणे म्हणाला, "माझ्या कानावर असं आलंय की समितीच्याच एका सभासद बाईंनी ही वनस्पती रोपवाटिकेतून मागवली होती. गावात उघड चर्चा आहे."

सभागृहातल्या सगळ्या माना अ‍ॅव्हरिलकडं वळल्या. ती दुसऱ्या रांगेत ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत होती. रोलंड चुळबुळला. ही चर्चा कुठून निघाली हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

एनिड उभी राहिली.

"ती शंका माझी होती," ती म्हणाली. "या सभागृहात दुसऱ्या कुणाला सुचायच्या आधी मला सुचली. मी ती दुसऱ्याला सांगितली आणि ती तुमच्या कानापर्यंत पोचली. या बाईंनी रोप मागवलं ते ओळखायला शिकावं म्हणून. मला ओळखता येत होतं, तरी मी ते तिथं कधी बघितलं नाही, कारण ते तिथं नाही असं मी धरून चालले होते. हे मुळीचे फोटो. यांच्यावर विश्वास नसेल तर चला, दाखवते."

निरीक्षकांनी नाक पुसलं आणि घड्याळाकडं बघितलं. "किती लांब आहे?"

दुपारी सगळे रानात गेले. निरीक्षक चांगल्या पँटची पर्वा न करता ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले, तज्ज्ञही बसला. एनिडनं मुळी उघडी करून दाखवली. तज्ज्ञानं खुणा स्वतः मोजल्या, हेझलचं मूळ बोटानं हलवून बघितलं, हललं नाही. वर बघून त्यानं अ‍ॅव्हरिलला विचारलं, "बाई, एवढ्या मर्क्युरीत तुम्हाला ही दिसली कशी?"

"चष्मा बरोबर नंबरचा आहे," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

तो हसला. एनिडलाही हसू आलं, पण अ‍ॅव्हरिलनं तिच्याकडं बघितलं नाही.

सप्टेंबरात निकाल आला. रान जुनंच; खाण बांधापलीकडं थांबेल. रोलंडनं बागेत सगळ्यांना सायडर पाजला. एनिड गेली होती. अ‍ॅव्हरिलनं निरोप पाठवला की तिला बहिणीकडं जायचंय.

त्यानंतर अ‍ॅव्हरिल एनिडबरोबर रानात गेली नाही. नदीपलीकडच्या उतारावरची झाडी तिनं स्वतःसाठी निवडली. तिच्या नोंदी टपालानं यायच्या, स्वच्छ अक्षरात. प्रत्येकीबरोबर दोन फोटो आणि खाली एका साक्षीदाराची सही, कधी मेंढपाळाची, कधी चर्चच्या पाद्र्याची. असं कुणी मागितलं नव्हतं. एनिडनं पहिल्या चार नोंदी जागेवर न जाता मान्य करून टाकल्या. पाचवीबरोबर एक चिठ्ठी आली: ‘बाकीच्यांच्या नोंदी जाऊन बघता. माझ्या का नाही?’

गुरुवारी एनिड पूल ओलांडून गेली. अ‍ॅव्हरिल बूट घालून फाटकाशी उभी होती. दोघी उतार चढल्या. बोलणं झालं ते चिखलाबद्दल आणि अ‍ॅव्हरिलच्या बहिणीच्या पाठीबद्दल. पाचवी नोंद लहान पानांच्या लाइमची होती; हा लिंबू नव्हे, उंच रानवृक्ष, तोही जुन्या रानाचाच रहिवासी. अ‍ॅव्हरिलनं फांदी खाली ओढून धरली.

एनिडनं पान उलटं केलं आणि शिरांच्या बेचक्यात भिंगातून बघितलं.

"हा तो नाही," ती म्हणाली. "संकर आहे, रस्त्याकडेला लावतात तो. बेचक्यातली लव तांबूस हवी. ही पांढरट आहे."

"नक्की?"

"नक्की."

अ‍ॅव्हरिलनं हात पुढं केला. एनिडनं भिंग दिलं. अ‍ॅव्हरिलनं ते पान बघितलं, मग दुसरं, मग पलीकडच्या फांदीवरचं तिसरं. उतारावर वारा सुटला होता आणि एनिडचा गुडघा आता खरोखरच दुखत होता, पण ती थांबली. सहा पानं बघून झाल्यावर अ‍ॅव्हरिलनं वही काढली आणि त्या ओळीवर काट मारली.

"वर आणखी एक झाड आहे," ती म्हणाली. "तेही बघायचंय का?"

"बघू या," एनिड म्हणाली.